दाणा घरी आला, काडी कुठे गेली?

दिवाळीच्या पहिल्या दिवशी पोहे झाले नाहीत तर कोकणातल्या माणसाला दिवाळी आल्यासारखी वाटतच नाही. गूळपोहे, दूधपोहे, ताकातले पोहे, दडपे पोहे, बटाट्याचे पोहे अशी ओळच्या ओळ मांडली जाते. आणि कारीट फोडून, अभ्यंगस्नान आटोपून माणसे पाटावर बसतात. घाटावरच्या मंडळींचे चिवड्यावाचून अडते. आणि चिवडा म्हणजे तरी काय, पोह्यांनी घातलेले दिवाळीचे कपडे! सारांश, महाराष्ट्राची दिवाळी भाताच्या दाण्यावर उभी आहे, असे म्हणायला हरकत नाही. त्या दाण्याचे कौतुक या अंकाच्या फराळाच्या पानांवर झालेले असणारच. मी आज ज्या काडीवर तो दाणा महिनोन् महिने डुलत होता, तिची चौकशी करणार आहे.

कारण दाणा घरी येतो, डब्यात पडतो, पानात वाढला जातो. काडी कुठे जाते?

हा प्रश्न शहरातल्या माणसाला पडत नाही. दुधाच्या पिशवीमागची गाय जशी त्याला दिसत नाही, तशी तांदळाच्या पिशवीमागची काडीही दिसत नाही. म्हणून आधी थोडा हिशेब करू. घाबरू नका, वाणसामानाच्या यादीइतकाच आहे. चार माणसांच्या घरात महिन्याला दहा किलो तांदूळ लागतो असे धरा. वर्षाचा झाला १२० किलो. आता गिरणीत भात घातले की त्याच्या साधारण दोनतृतीयांश वजनाचा पांढरा तांदूळ हाती येतो. बाकीचे तूस आणि कोंडा. म्हणजे आपल्या घरासाठी शेतात १८० किलो भात पिकावे लागले. आणि एक किलो भातामागे शेतात साधारण एक ते दीड किलो काडी उभी असते. म्हणजे आपण वर्षभर वरणभात खातो तेव्हा आपल्या नावाची दोनशे किलोंच्या आसपास काडी आणि छत्तीसएक किलो तूस कुठेतरी मागे राहते. ती काडी आपल्या बिऱ्हाडात आणून टाकली, तर बैठकीची खोली भरून गॅलरीतून खाली ओघळेल!

पूर्वी या काडीचे काय करायचे हा प्रश्नच नव्हता. उलट काडी पुरत नाही हा प्रश्न होता. कोकणात झोडणी झाली की पेंढ्या बांधून त्यांची उडवी रचीत. उडवी नीट रचणे ही एक कलाच. पाऊस आला तर पाणी वरच्यावर निथळून गेले पाहिजे, आतली पेंढी कोरडी राहिली पाहिजे. त्या उडवीवर गोठ्यातली गुरे पुढच्या पावसाळ्यापर्यंत काढायची. घराच्या नि गोठ्याच्या छपरावर पेंढा, भारे बांधायला पेंढ्याचीच वळलेली दोरी, आंबा पिकवायला आढीत पेंढा, तो मुंबईला धाडायच्या पेटीत पेंढा. तूस चुलीत आणि वीटभट्टीत जाई, कोंडा गुरांच्या आंबोणात, कणी कोंबड्यांच्या पुढ्यात. आणि तुसाची राख मीठ घालून दात घासायला! भातासारख्या एवढ्याशा रोपाचा एवढा मोठा संसार, आणि त्यातले टाकाऊ असे काही नाही. विदर्भात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे या काडीला ‘तणस’ म्हणतात, आणि घरामागे तणसाचा ढीग किती उंच यावरून घराची ऐपत कळे.

मी हे जुन्या दिवसांचे गोडवे गाण्यासाठी सांगत नाही. पेंढा हे काही पक्वान्न नव्हे. त्यात प्रथिने नावापुरती आणि वाळूचा सख्खा भाऊ असलेला सिलिका भरपूर. उन्हाळ्यात नुसत्या पेंढ्यावर काढलेल्या गाईच्या फासळ्या कोकणात कुणीही मोजाव्यात. शिवाय कोकणातही आग होतीच. रोपे टाकायच्या जागेवर शेण, पालापाचोळा, टाहाळ, गवत यांचे थर अंथरून, वर माती पसरून उन्हाळ्यात ‘राब’ भाजतात, ती आगच. पण ती वावराच्या एका कोपऱ्यातली, मोजून मापून लावलेली आग. सबंध शेताला काडी लावावी असे कुणाच्या मनात येत नसे; कारण ते म्हणजे गुरांच्या तोंडचा घास जाळणे.

मग आज उत्तर हिंदुस्थानात दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे शेतेच्या शेते का पेटतात? दिल्लीची मुले खोकतात, शाळा बंद ठेवाव्या लागतात, आणि वर्तमानपत्रे ‘पराळी’ या नावाने ओरड करतात. पराळी म्हणजे तिकडचा आपला पेंढाच. पंजाबचा शेतकरी काय वेडा आहे? मुळीच नाही. त्याच्या जागी आपण असतो तर कदाचित आपणही आगपेटी शोधली असती. कसे ते पाहा.

पंजाब हा मुळात गव्हाचा नि मक्याचा मुलूख. १९६०-६१ साली तिथे भाताखाली सव्वादोन लाख हेक्टरांच्या आसपास जमीन होती. पुढे देशात धान्याची ददात पडली, नवी बियाणी आली, विहिरींवर पंप बसले, सरकार हमीभावाने भात घेऊ लागले. आणि ज्याच्या ताटात भात क्वचित पडतो तो पंजाबी शेतकरी देशासाठी भात पिकवू लागला. आज तिथले भाताचे क्षेत्र तीस लाख हेक्टरांवर गेले आहे. आपल्या रेशनच्या दुकानातल्या तांदळात त्याचा वाटा मोठा आहे, हे विसरून चालणार नाही.

इतक्या भाताला पाणी कुठून आणायचे? जमिनीतून. ते इतके उपसले गेले की पातळी खोल खोल जाऊ लागली. म्हणून २००९ साली पंजाबने कायदा केला की १० जूनच्या आधी लावणी करायची नाही. भर उन्हाळ्यात पाणी वाफ होऊन जाऊ द्यायचे नाही. पुढे ही तारीख मागेपुढे होत राहिली. हेतू चांगला, कायदाही शहाणपणाचा. पण लावणी पुढे गेली तशी कापणीही पुढे गेली. इकडे गव्हाची पेरणी नोव्हेंबरच्या मध्याच्या आत उरकली पाहिजे. उशीर झाला तर दाणा भरताना उन्हाचा चटका बसतो आणि उतारा घटतो. म्हणजे भात काढून, शेत मोकळे करून, गहू पेरायला हाती राहिले दोन-तीन आठवडे. लग्नघरात एक पंगत उठायच्या आत दुसरी बसवायची, आणि मधल्या वेळात उष्टी काढायला माणूस नाही, तशातली ही गत!

माणूस नाही म्हणून यंत्र आले. कंबाईन हार्वेस्टर भाताच्या लोंब्या घेतो, दाणे काढतो आणि मागून काडी भसाभस टाकीत जातो. खाली हातभर उंचीचे धसकट उभेच. आता ही काडी ना पेंढीत बांधता येत, ना सहज उचलता येत. गुरांना घालावी तर पंजाबी गाई-म्हशींना गव्हाच्या भुशाची सवय. बासमतीची काडी खातील, साध्या भाताची जाडी, सिलिकाने खरखरीत झालेली काडी त्यांना नको. नांगरून गाडावी तर तिला कुजायला आठवडे लागतात, आणि कुजताना ती जमिनीतला नत्र स्वतःसाठी खेचून घेते. मग कोवळा गहू पिवळा पडतो. उचलून न्यावी तर माणसे आणि ट्रॅक्टर यांचा खर्च. यावर एक रुपयाचा उपाय एकच, आगपेटी. अशी दर वर्षी पंजाबात सुमारे दोन कोटी टन काडी शेतात उरते.

आता या आगीत काय काय जळते? एक टन भाताच्या काडीत साधारण साडेपाच किलो नत्र, सव्वादोन किलो स्फुरद, पंचवीस किलो पालाश आणि सव्वा किलोच्या आसपास गंधक असते. नत्र तर जवळजवळ सगळाच धुराबरोबर जातो; पालाश मात्र बराचसा राखेत राहतो. ज्या शेतकऱ्याने खताच्या पिशव्या उधारीवर आणल्या, तोच त्यातले खत काडीच्या रूपाने आकाशात सोडतो. वरच्या थरातले जिवाणू होरपळतात. आणि धूर निघतो तो नेमका अशा दिवसांत, की जेव्हा उत्तरेत वारा पडलेला असतो आणि थंड हवा जमिनीलगत बसून राहते. धूर वर जात नाही, मागे येतो. दिल्लीच्या आधी तो कुणाच्या छातीत जातो? त्याच शेतकऱ्याच्या अंगणात खेळणाऱ्या पोरांच्या. हे मात्र मथळ्यांत क्वचित येते. शिवाय दिल्लीची हवा एकट्या पराळीने बिघडत नाही. मोटारी, धूळ, कारखाने यांचा उद्योग बारमाही चालू असतो. पराळी येते ती काही आठवड्यांपुरती. पण आधीच काठोकाठ भरलेल्या घागरीत ती शेवटचा तांब्या ओतते.

उपाय झाले नाहीत असे नाही. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने जाळण्यास बंदी केली. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्राने दंड दुप्पट केला. दोन एकरांच्या आतल्या शेतकऱ्याला पाच हजार, पाच एकरांपर्यंत दहा हजार आणि त्यावर तीस हजार रुपये. दंड हा उपाय सोपा. मास्तरांच्या छडीसारखा हाताशी असतो. पण ज्या मुलाला पाटीच घेऊन दिलेली नाही, त्याला अभ्यास केला नाही म्हणून छडी मारण्यात काय हशील?

पाटी म्हणजे यंत्र. पंजाब कृषी विद्यापीठाने ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांच्या साहाय्याने ‘हॅपी सीडर’ नावाचे यंत्र तयार केले. नाव जरा खेळण्यासारखे असले तरी काम गंभीर आहे. ट्रॅक्टरमागे जोडलेले हे यंत्र पुढची उभी काडी तोडते, त्याच दमात गहू पेरते आणि तोडलेली काडी पेरलेल्या ओळींवर पसरून टाकते. म्हणजे काडी उचलायची नाही, जाळायची नाही, गाडायचीही नाही. ती जमिनीवर पांघरूण म्हणून राहते. ओल टिकते, तण दबते, नांगरटीचे डिझेल वाचते. २०१८ पासून केंद्राने अशा यंत्रांवर अनुदान सुरू केले. दुसरी वाट काडी गोळा करून नेण्याची. पानिपतला इंडियन ऑईलचा कारखाना २०२२ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाला. वर्षाला दोन लाख टन काडीपासून तीन कोटी लिटर इथेनॉल काढावे अशी त्याची योजना. विजेच्या कारखान्यांतही कोळशाबरोबर काडीच्या गोळ्या जाळू लागले आहेत.

याचा परिणाम दिसतो आहे. पंजाबात उपग्रहाने टिपलेल्या आगी २०२१ च्या हंगामात ७१ हजारांवर होत्या, त्या २०२४ मध्ये अकरा हजारांच्या आत आल्या. पण उपग्रह ठरलेल्या वेळीच डोक्यावरून जातो. तो गेल्यावर काडी लावली तर त्याच्या वहीत नोंद होत नाही, असे काही जाणकार सांगतात. तेव्हा आकडा बघून टाळी वाजवायची ती एका हाताने! आणि यंत्र वर्षातून वीस दिवस चालायचे, त्याची किंमत लाखांत. पाच एकरवाल्याने ते घ्यावे कसे? सहकारी संस्थेकडून भाड्याने मागावे तर त्याच वीस दिवसांत साऱ्या गावाला हवे असते.

इथवर वाचून आपल्यातले कुणी म्हणतील, हे सगळे पंजाबचे. आपले कोकण त्यातले नव्हे. माझेही मत तसेच राहिले असते, पण रत्नागिरी जिल्ह्यात माझा एक मावसभाऊ शेती करतो, त्याला मी सहज विचारले, “यंदा उडवी किती मोठी झाली रे?”

तो हसला. म्हणाला, “उडवी कसली, दादा! गोठ्यात गुरे आहेत कुठे? बैल विकले त्याला किती वर्षे झाली. आता पॉवर टिलर आहे, नि दूध पिशवीतून येते. पेंढी बांधायला गडी आणायचा तर त्याची मजुरी पेंढ्याच्या किमतीहून जास्त. आंब्याच्या पेट्यासुद्धा आता पुठ्ठ्याच्या झाल्या.”

“मग करतोस काय त्या पेंढ्याचे?”

“कुणी नेला तर फुकट देतो. नाहीतर बांधावर कुजतो. शेजारच्यांनी गेल्या वर्षी काडी लावली. वाईट वाटते, पण करणार काय? पूर्वी पेंढा घर चालवायचा. आता घराने पेंढा चालवायचा म्हटले तर परवडत नाही.”

या शेवटच्या वाक्यात सगळा प्रश्न आला. काडी तीच आहे. ती ‘कचरा’ झाली, कारण तिला धरून ठेवणारी माणसे आणि जनावरे तिच्याभोवतून निघून गेली. भंडारा-गोंदियाकडेही हार्वेस्टर पोचला आहे. आणि हार्वेस्टरमागे पडलेल्या तणसाला आगपेटी शोधायला वेळ लागत नाही. पंजाबला जे चाळीस-पन्नास वर्षांत झाले, ते आपल्याकडे उशिरा नि हळूहळू येते आहे, इतकेच. म्हणून अजून हाती वेळ आहे.

आणि आपल्याकडे अक्कलही आहे. डॉ. ना. के. सावंत यांनी भाताची ‘चारसूत्री’ लागवड मांडली, तिचे पहिलेच सूत्र काय, तर भाताच्या अवशेषांचा फेरवापर! तुसाची काळी राख रोपवाटिकेच्या मातीत मिसळायची आणि पहिल्या नांगरटीला हेक्टरी दोन टन पेंढा शेतात गाडायचा. त्यातून वीस-पंचवीस किलो पालाश आणि शंभरावर किलो सिलिका परत मिळतो. जो सिलिका गुरांच्या जिभेला टोचतो, तोच रोपाचा कणा ताठ करतो. रोप लोळत नाही, करप्याला सहज बळी पडत नाही. कोकणात हे जमते, कारण पेंढा कुजायला तिथे मधे पुरेसा काळ मिळतो. त्यातही तारतम्य हवे. ताजा पेंढा पाण्याखाली चिखलात कुजला की मिथेन वायू सुटतो, आणि तोही हवामानाचा मित्र नव्हे. नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी वेगळीच वाट काढली. कायमचे गादीवाफे, चिखलणी नाही, लावणी नाही. कापणीनंतर मुळे जमिनीतच ठेवायची, ती आपोआप कुजून गांडुळांचे घर होतात. त्यात तणनाशक वापरावे लागते, यावर मतभेद आहेत. पण जमिनीला तिचे तिला परत द्यावे, हे तत्त्व दोन्हीकडे एकच.

गुरे राखणाऱ्यांना आणखी एक गोष्ट उपयोगी. शंभर किलो पेंढ्यावर चार किलो युरिया चाळीस-पन्नास लिटर पाण्यात विरघळवून शिंपडायचा आणि ढीग हवाबंद करून तीन आठवडे ठेवायचा; म्हणजे तो पचायला हलका आणि अधिक पौष्टिक होतो. हे मात्र पशुवैद्यांना विचारून, कारण युरियाचे माप चुकले तर जनावर दगावते. आणि गुरे नसतील तर धिंगरी अळंबी आहे. पेंढा भिजवून, गरम पाण्याने निर्जंतुक करून, पिशव्यांत भरून खेड्यापाड्यांतल्या कितीतरी बायका ती पिकवतात. एक किलो कोरड्या पेंढ्यावर अर्धा-पाऊण किलो अळंबी सहज येते, आणि उरलेला भुसा खतात जातो. शहरातल्या बाजारात आपण ती ऐटीत विकत घेतो, तेव्हा तिच्या मुळाशी आपलीच हरवलेली काडी असते!

हे सगळे झाले, तरी एक प्रश्न उरतोच, आणि तो शेतकऱ्याला नव्हे, आपल्याला विचारायचा आहे. सरकार हमीभाव ठरवते तो दाण्याचा. २०२५-२६ साठी साध्या भाताला क्विंटलमागे २,३६९ रुपये ठरले. त्यात नांगरणी आहे, बियाणे आहे, खत आहे, मजुरी आहे. पण दाणा गेल्यावर उरलेली काडी निगुतीने सांभाळण्याचा खर्च वेगळा असा कुणी धरलेला नाही. तो शेतकऱ्याने पदरचा करायचा, आणि न केला तर दंड भरायचा. २०१९ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने पंजाब, हरियाना आणि उत्तर प्रदेश या राज्यांना सांगितले, की जे लहान शेतकरी साध्या भाताची काडी जाळणार नाहीत, त्यांना क्विंटलमागे शंभर रुपये द्या. मला त्या आदेशातले मर्म फार मोलाचे वाटते. स्वच्छ हवा हेही शेतातलेच पीक आहे, आणि पीक म्हटले की त्याचा भाव द्यावा लागतो.

तो भाव आपल्याला झेपेल का? पुन्हा आपला वाणसामानाचा हिशेब काढू. क्विंटलमागे शंभर म्हणजे किलोमागे एक रुपया. आपल्या घराला वर्षाला १८० किलो भात लागते, हे वर पाहिलेच. म्हणजे वर्षाचे १८० रुपये, महिन्याचे पंधरा. चार माणसांच्या घराने एवढे मोजले, तर आपल्या नावाची दोनशे किलो काडी न जळता जमिनीत, गोठ्यात किंवा कारखान्यात जाऊ शकते.

एकशे ऐंशी रुपये! या चार दिवसांत, मुलांच्या हट्टापायी, एका संध्याकाळी आपण याहून जास्त पैशांचा धूर करतो. तेव्हा मंडळी, पोह्यांवर खोबरे पेरताना पंजाबच्या त्या सरदारजीला नावे ठेवू नका. त्याने आपल्यासाठी दाणा पिकवला. काडीचा अर्धा भार आपण उचलायचा राहिला आहे.